तुम्ही विचारलंत म्हणून: बस एक, रस्ते दोघांचे

सार्वजनिक वाहतुकीच्या प्रश्नांवर काम करत असल्याने मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन स्वतंत्र महापालिका असताना त्यांची बस एकच कशी, आणि ती एकच आहे तर दापोडीचा पूल ओलांडताच का रखडते?

२००७ पर्यंत ती एक नव्हतीच. पुण्याची बससेवा पीएमटी १९५० पासूनची, तर पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ पासूनची. निगडीत राहून स्वारगेटला कामावर जाणाऱ्या माणसाला महापालिकेच्या हद्दीशी काही देणेघेणे नसते, पण बसचे नियोजन मात्र हद्द पाहून होत असे. २००७ मध्ये दोन्ही उपक्रम विलीन करून पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात पुण्याचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के आहे, आणि संचलनातील तूटही याच प्रमाणात वाटून घ्यायची असे ठरले. या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट मी हीच मानतो. केवळ तिकिटाच्या उत्पन्नावर शहर बससेवेचा खर्च भागत नाही, आणि तो तोटा कोणी किती सोसायचा हे आधी ठरलेले नसेल, तर हद्दीपलीकडे जाणारी प्रत्येक फेरी वादाचा विषय होते.

मात्र गाड्या कंपनीच्या झाल्या तरी रस्ते ज्याचे त्याच्याकडेच राहिले. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर निगडीपासून दापोडीपर्यंत पिंपरी-चिंचवड महापालिकेने बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखीव अशी स्वतंत्र मार्गिका बांधली आणि २०१८ मध्ये तिच्यावरून गाड्या धावू लागल्या. मुळा नदीवरचा हॅरिस पूल ओलांडला की बोपोडीत पुणे महापालिकेची हद्द लागते, तिथे ही मार्गिका नाही, आणि तोवर सुरळीत आलेली बस रिक्षा, दुचाकी व टेम्पोंच्या गर्दीत शिरते. पुढे खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द आणि लष्कराच्या जागा येतात. इतक्या थोड्या अंतरात एवढ्या यंत्रणांची संमती लागत असेल, तर फेरीचे वेळापत्रक कितीही काळजीपूर्वक आखले तरी ते पाळणे चालकाच्या हाती उरत नाही. थांबा कुठे असावा, पार्किंग कुठे बंद करावे, दुभाजक कुठे तोडावा, यांपैकी काहीही बस कंपनी स्वतःच्या अधिकारात ठरवू शकत नाही.

हिंजवडीचे आयटी पार्क तर दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर, मुळशी तालुक्यात वसले. तिथे बस लागतेच, पण ६० आणि ४० च्या वाटणीत त्या गावाचा वाटा कुठेच नव्हता. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाल्यावर या तिसऱ्या भागाला निदान एक नियोजन यंत्रणा मिळाली.

एकत्र नियोजनाची तरतूद वास्तविक राज्यघटनेतच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य महानगर क्षेत्रातील नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे असतात. ही समिती नियमित बसावी आणि बसची तूट व रस्त्याचा निधी हे दोन्ही विषय तिच्या एकाच बैठकीत यावेत, असा आग्रह मी दोन्ही शहरांतील लोकप्रतिनिधींकडे धरतो. बोपोडी ते खडकी या टप्प्यात बसला स्वतंत्र वाट मिळावी, ही त्यातली पहिली मागणी.