यावेळी घाट चढलोच नाही

महाबळेश्वरला जाताना वाई कायम एसटीच्या खिडकीतूनच बघितली होती, यावेळी मुद्दाम उतरलो आणि पुढे पसरणी घाट चढलोच नाही. कृष्णेच्या घाटावर तासभर नुसतं बसून होतो, बायका कपडे धूत होत्या, एक पोरगं सारखं पाण्यात सूर मारत होतं. मागे ढोल्या गणपतीचं देऊळ, १७६२ चं, पेशव्यांचे सरदार रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीये म्हणजे पुराचं पाणी देवळाला न धडकता दोन बाजूंनी निघून जावं, काय डोकं लावलंय राव! हात लावून बघितला, भर उन्हात दगड गार.

मग रिक्षाने मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा भारी आहेच, पण मला आवडली ती घाटावरची मोठी घंटा, १७३९ ला वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आणलेली. चर्चची घंटा शंकराच्या देवळापाशी!

जेवायला पिठलं, भाकरी आणि ठेचा. ठेचा जरा जास्तच घेतला, नाकाडोळ्यातून पाणी, मालकीणबाईंनी न मागता ताकाचा तांब्या आणून ठेवला.

मराठी विश्वकोशाचं वाईतलं ऑफिस बघायचं राहिलं, रविवार होता ना.