आंडरमाटचं राखलेलं रान

स्वित्झर्लंडमध्ये, आल्प्समधल्या गॉटहार्ड खिंडीच्या उत्तरेला उर्सेरन नावाची एक लांबट, सपाट दरी आहे. तिच्यात सुमारे 1,440 मीटर उंचीवर आंडरमाट वसलंय. वस्ती दीड हजाराच्या आसपास. पूर्वेला ओबरआल्प खिंड, पश्चिमेला फुर्का, दक्षिणेला गॉटहार्ड. उत्तरेला रॉइस नदी शोलेनेनच्या घळीत कोसळते आणि तिथे दोन्ही बाजूंना उभा कातळ. म्हणूनच इथली पहिली वाल्सर कुटुंबं, म्हणजे वालिस या पश्चिमेकडच्या प्रांतातले जर्मन बोलणारे डोंगरी लोक, खालून नाही, तर तिथून फुर्का ओलांडून आली.

तेराव्या शतकात त्या घळीवर पूल झाला आणि गावाचं नशीब पालटलं. जर्मनीहून इटलीला जाणारी वाट आता त्यांच्या दारातून जाऊ लागली. पुलाचं नाव सैतानाचा पूल. पूल बांधून देतो, पण पहिला जो ओलांडेल त्याचा जीव माझा, असं सैतान म्हणाला. लोकांनी बोकड पुढे सोडला. 1708 साली पुलाजवळचा कातळ फोडून 64 मीटरचा बोगदा काढला, तो आल्प्समधला पहिला रस्त्याचा बोगदा. 1799 मध्ये सेनापती सुव्होरोव्हचं रशियन सैन्य याच घळीत फ्रेंचांशी लढलं.

पण मला या गावाबद्दल खरा जिव्हाळा वाटतो तो एका कागदामुळे. गावाच्या डोक्यावर, गुर्शेनच्या उतारावर सुचीपर्णी झाडांचं एक त्रिकोणी रान आहे. बाकी डोंगर उघडे. 1397 साली दरीतल्या लोकांनी लिहून ठेवलं की या रानातलं काहीही कुणी न्यायचं नाही. लाकूड नाही, फांदी नाही, झाडाचं बोंडसुद्धा नाही. वरून सुटणारा हिमकडा थोपवणारं दुसरं काही गावाकडे नव्हतं. सहा-सहा महिने बर्फ, घरात चूल पेटती ठेवायची, आणि समोर दिसणाऱ्या झाडाला हात लावायचा नाही! एका पिढीने असा नियम करणं मी समजू शकतो, पण पुढच्या पंचवीसेक पिढ्यांनी तो पाळला याचं मला अपार अप्रूप आहे. 1951 च्या हिवाळ्यात हिमकडे गावात शिरले आणि 13 माणसं गेली. त्या रानाची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

वाटेने दिलेलं मात्र वाटेनेच नेलं. 1882 मध्ये गॉटहार्डचा 15 किलोमीटरचा रेल्वे बोगदा सुरू झाला. तो खालच्या ग्योशेनेनपासून निघतो आणि आंडरमाटच्या जमिनीखालून थेट पलीकडे जातो. घोडागाड्या थांबल्या, सराया ओस पडल्या. पुढे लष्कराच्या छावणीने गाव जगवलं.

मग धरण आलं. वीज कंपन्यांच्या योजनेत आंडरमाट, होस्पेन्टाल आणि रेआल्प ही तिन्ही गावं पाण्याखाली जाणार होती. फेब्रुवारी 1946 मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि योजनेच्या इंजिनिअरला त्यांनी गावातून पिटाळून लावलं. योजना बारगळली. धरण शेवटी शेजारच्या ग्योशेनेरआल्पवर झालं आणि तिथली छोटी वस्ती बुडाली. आंडरमाटच्या विजयाबद्दल बोलताना त्या वस्तीचं नाव घेतलंच पाहिजे, असं मला वाटतं.

लष्कर कमी झाल्यावर इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस यांनी इथे मोठा पर्यटन प्रकल्प आणला. 2013 मध्ये त्याचं आलिशान हॉटेल उघडलं. रोजगार आला, जमिनीचे भावही चढले. गावाने हा सौदा मतदानाने, उघड्या डोळ्यांनी केला, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही.

आपल्याकडची मंडळी ग्लेशियर एक्सप्रेसने जातात, तेव्हा गाडी इथे थांबते. जमलं तर उतरा. स्टेशनपासून सैतानाच्या पुलापर्यंत चालत अर्धा तास लागतो. पुलावर वारा जोराचा असतो, जाड जॅकेट घ्या. आणि परतताना गावावरचं ते त्रिकोणी रान नक्की शोधा.