आज्ञापत्र घेऊन पुरंदरवर

आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगल्याशिवाय धडा सुरू होत नसे. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत शिक्षकांच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी सांगतीलच. मी त्या नकाशाचे ऋण फेडतो आहे. युद्धनीतीचे जुने ग्रंथ कसे वाचावेत, हे आज नववी-दहावीत असलेल्या मुलामुलींना नीट सांगावे, एवढाच हेतू.

बहुतेक जण सुरुवात सुन त्झू या प्राचीन चिनी युद्धशास्त्रकारापासून करतात, कारण पुस्तक पातळ आणि वाक्ये छोटी. माझे मत असे, की पुण्यातल्या मुलांनी पहिले पुस्तक 'आज्ञापत्र' घ्यावे. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715च्या सुमारास लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ मराठीत आहे, लहान आहे, आणि त्यातले दुर्गांचे प्रकरण गडावर जाऊन एका दिवसात पडताळता येते.

'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' असे म्हणणारे हे प्रकरण तीनदा वाचावे लागते. पहिल्या वाचनात फक्त शब्द: अयब म्हणजे दोष, राबता म्हणजे ये-जा, जखिरा म्हणजे साठा, भांडे म्हणजे तोफ. दुसऱ्या वाचनात वहीच्या डाव्या पानावर एकेक नियम एका ओळीत उतरवायचा आणि त्याखाली अमात्यांनी दिलेले कारण लिहायचे. कारण गाळले की नियमाचे नुसते सुभाषित होते आणि मग ते कुठेही चिकटवता येते. पाण्याचेच पाहा. गडावर झरा आहे, पाणी पुरते आहे, तरी निश्चिंत राहू नये. जखिऱ्याची दोन-चार टाकी-तळी वेगळी बांधावीत आणि त्यांतले पाणी खर्च होऊ देऊ नये, असा नियम. कारण झुंज लागली की तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. दरवाजांचेही तसेच. गडाला एकच दरवाजा असणे ही 'थोर अयब'. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात.

तिसरे वाचन राजगडावर. गुंजवणे, पाली आणि आळू दरवाजा, शिवाय पद्मावती माचीचा चोरदरवाजा मोजा. पद्मावती तलाव आणि बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे पाहा. जे दिसेल ते त्या त्या नियमासमोर उजव्या पानावर लिहा.

खरा कस मात्र पुरंदरवर लागतो. अमात्य सांगतात, किल्ल्याजवळ दुसरा डोंगर असू नये. असला तर सुरुंग लावून तो गडाच्या आहारी, म्हणजे आटोक्यात, आणावा, ते शक्य नसेल तर तीही जागा बांधून मजबूत करावी. आता पुरंदरच्या माचीवरून पूर्वेला पाहा. मधे भैरवखिंड आणि पलीकडे वज्रगड. 1665च्या एप्रिलमध्ये मोगल सरदार दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि मग पुरंदरची माची त्याच्या तोफांखाली आली. मुरारबाजी देशपांडे चौथीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच वाचले आहेत. ते पडले ते याच वेढ्यात. जूनमध्ये तह झाला, 23 किल्ले मोगलांकडे गेले, 12 महाराजांकडे राहिले.

इथे वाचकाची हमखास चूक होते. निकाल माहीत असतो, म्हणून 'नियम मोडला, गड गेला' असे लिहून तो मोकळा होतो. पण वज्रगड रिकामा नव्हता. तो बांधलेला होता, त्यावर शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, होती आणि ती लढली. म्हणजे अमात्यांचा दुसरा पर्याय तिथे आधीच अमलात होता. मग विचार पुढे न्यावा लागतो. दोन डोंगर राखायचे तर माणसे, दारूगोळा, दाणावैरण दोन ठिकाणी वाटावी लागते. आणि आपण मजबूत केलेली जागा शत्रूच्या हाती गेली की ती त्याच्या कामाला येते. अमात्यांनी सुरुंग आधी आणि बांधकाम नंतर का सांगितले, हे माचीवर उभे राहिल्यावर उलगडते, निदान मला तरी हेच उत्तर पटते. ग्रंथ त्या तहानंतर पन्नास वर्षांनी लिहिलेला आहे, हेही ध्यानात असू द्या. पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र न्यावे आणि वज्रगडाकडे जाऊ देतात का, ते फाटकावर विचारावे.

एवढे झाल्यावर सुन त्झूकडे वळा. 13 प्रकरणे आहेत, पण भाषांतरे चांगली-वाईट फार. पारखायची सोपी रीत अशी: तिसऱ्या प्रकरणाचा शेवट उघडा. 'स्वतःला आणि शत्रूला ओळखणारा शंभर लढाया जिंकतो' असे छापले असेल तर पुस्तक खाली ठेवा. मुळात जिंकण्याचा शब्दच नाही. तो शंभर लढायांत 'धोक्यात येत नाही', एवढेच म्हटले आहे. हा फरक बारीक नाही. पुढचे चौथे प्रकरण त्याच्यावरच उभे आहे: आपण न हरणे आपल्या हाती, शत्रू हरवता येण्याजोगा होणे शत्रूच्या हाती. चुकीचे भाषांतर वाचणाऱ्याला हे प्रकरण आधीच्या वाक्याला छेद देणारे वाटते.

कौटिल्याचे अर्थशास्त्र पहिल्या पानापासून वाचू नका. 15 अधिकरणांपैकी (भागांपैकी) दुसरे खात्यांच्या कारभाराचे आणि लांबलचक आहे; बहुतेक वाचक तिथेच थकतात. सहावे घ्या, त्यात दोनच अध्याय आहेत आणि राज्याच्या सात प्रकृती, म्हणजे अंगे, तिथे कळतात. मग सातव्यातले षाड्गुण्य, म्हणजे परराज्यांशी वागण्याचे सहा मार्ग, आणि नवव्याचा पहिला अध्याय. दीर्घकाळच्या मोहिमेला मार्गशीर्षात निघावे असे तिथे सांगितले आहे, कारण शत्रूचे जुने धान्य संपत आलेले असते आणि नवे अजून भरलेले नसते. आपल्याकडच्या दसऱ्याच्या सीमोल्लंघनाशेजारी हे ठेवून वाचले, की पाऊस, पीक आणि फौज यांचे नाते दिसू लागते.

मियामोटो मुसाशी या जपानी तलवारबाजाचा पाच गुंडाळ्यांचा ग्रंथ सगळ्यांत शेवटी, आणि तो बसून वाचायचा नाही. 1643 ते 1645 या शेवटच्या वर्षांत त्याने तो लिहिला. पहिल्या गुंडाळीत तो सेनापतीला मुख्य सुताराच्या जागी ठेवतो. सरळ, बिनगाठीचे, देखणे लाकूड दर्शनी खांबाला. थोडे दोष असलेले पण सरळ व भक्कम मागच्या खांबाला. वेडेवाकडे, गाठाळ पण दणकट लाकूड जिथे भार जास्त तिथे. कमकुवत आणि वाकडेसुद्धा आधी परांची बांधायला आणि मग सरपणाला. दुसऱ्या, पाण्याच्या गुंडाळीत तलवारीची पकड आहे: अंगठा आणि तर्जनी हलके, मधले बोट ना आवळलेले ना सैल, अनामिका आणि करंगळी घट्ट. हे वाक्य आले की पुस्तक मिटून लाठी हातात घ्या. आधी अंगठा आवळून फिरवून बघा, मनगट तिथेच अडेल. मग त्याने सांगितल्याप्रमाणे धरा.