बेटावरील वसाहतीत सभासद होताना: माझा अनुभव

समाईक मालमत्ता, समान काम आणि सर्वसंमतीने कारभार या तीन गोष्टींवर उभ्या असलेल्या एका दूरच्या बेटावरील वसाहतीत सभासद म्हणून प्रवेश मिळवायला मला सतरा महिने लागले. बेटाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तेथे लहानमोठी मिळून जेमतेम तीस माणसे राहतात आणि नाव दिले की त्यांतला प्रत्येक जण ओळखू येईल. प्रवेशाची रीत मात्र अशा बऱ्याच वसाहतींत थोड्याफार फरकाने सारखीच असते: आधी अर्ज, मग काही आठवडे पाहुणा म्हणून मुक्काम, मग उमेदवारी आणि शेवटी सर्वांची संमती.

अर्जात अकरा प्रश्न होते. आदर्श समाजाविषयीच्या प्रश्नाला मी चार पाने उत्तर लिहिले. ‘युटोपिया’ हा शब्द ज्या १५१६ सालच्या ग्रंथातून जगभर गेला, त्यातले बेट मुळात बेट नव्हतेच, राजाने पंधरा मैलांची संयोगभूमी खणून ते मुख्य भूमीपासून तोडून घेतले होते, हेही मी त्यात मोठ्या हौसेने घातले. शेवटचे भांडण कोणाशी झाले आणि ते कसे मिटले, या नवव्या प्रश्नाची मात्र मी एका ओळीत बोळवण केली होती. तीन आठवड्यांनी पत्र आले. त्यात माझ्या चार पानांचा उल्लेखही नव्हता. नववे उत्तर सविस्तर लिहून पुन्हा पाठवावे, एवढेच म्हटले होते. तेव्हा मी भावाशी वाटणीवरून झालेल्या भांडणाची हकीकत लिहिली, ते अजून मिटलेले नाही हेही लिहिले, आणि तीन आठवड्यांच्या मुक्कामाची परवानगी मिळाली.

बेटावरचा धक्का उथळ पाण्यात आहे. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे चढत नाही, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवसच होडीला मिळतात, आणि त्यातही वारा असला तर तेही मिळत नाहीत. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे जेवणघरातल्या घड्याळापेक्षा त्याच्या शेजारी टांगलेले भरती-ओहोटीचे कोष्टकच अधिक पाहिले जाते. मी उतरलो त्या दिवशी माझे सामान कोणी उचलले नाही, पण माझ्या हातात बियाण्यांची दोन रिकामी खोकी मात्र तत्काळ देण्यात आली. भाज्यांचे बियाणे तयार करून विकणे हे वसाहतीचे उत्पन्नाचे मुख्य साधन आहे, आणि सगळी मिळकत एकाच खात्यात जमा होते.

काम आठवड्याला चाळीस तास, आणि प्रत्येक कामाचा तास सारख्याच मोलाचा: होडीचे इंजिन दुरुस्त करणाऱ्याचा, स्वयंपाक करणाऱ्याचा आणि मुले सांभाळणाऱ्याचा. हे कागदावर मला फार आवडले होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या वाट्याला संडासाच्या बादल्या आल्या. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही, सगळे पाणी छपरावरून टाक्यांत उतरवलेले. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर फार तर एक हजार लिटर पाणी हाती लागते, तेव्हा ते फ्लशमध्ये ओतण्याचा प्रश्नच येत नाही. वापर झाला की बादलीत लाकडाचा भुसा टाकायचा, भरलेली बादली ढकलगाडीने खताच्या कप्प्यापर्यंत न्यायची, ढिगाच्या मधोमध खळगा करून ओतायची, वर वाळलेल्या गवताचा जाड थर द्यायचा आणि कप्पा भरला की तो झाकून वर्षभर त्याला हात लावायचा नाही. गवत हात न आखडता घातले तर घाण येत नाही, हे मला कोणी सांगितले असते तर पटले नसते. ढिगाच्या पोटात लांब दांड्याचा तापमापक खुपसलेला असे. बाहेर बोटे बधिर होत असताना त्याचा काटा पंचावन्न अंशांवर गेलेला मी पाहिला आहे. तो आकडा शेजारच्या पत्र्याच्या डब्यातील वहीत लिहायचा. पाण्याच्या टाक्यांची वही वेगळी, बियाण्यांची वेगळी, होडीच्या डिझेलची वेगळी. आदर्श समाजात विचारवंत भेटतील अशा समजुतीने मी गेलो होतो. मला भेटल्या त्या वह्या.

मुक्काम संपल्यावर उमेदवारी सुरू झाली. या काळात आपली जुनी शिल्लक वसाहतीला द्यायची नसते, पण तिला हातही लावायचा नसतो. हातखर्चाला सर्वांना मिळते तीच रक्कम मिळते. सहाव्या महिन्यात प्रत्येक उमेदवाराने जेवणघरात सर्वांसमोर बेटावरच्या एका जुन्या वसाहतीची कथा सांगायची असते. मी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील माल्कम बेटावरची सोइन्टुला ही वसाहत निवडली. खाणींतील मजुरीला कंटाळलेल्या फिनलंडच्या लोकांनी १९०१ साली ती उभारली आणि मात्ती कुरिक्का या पत्रकाराला नेता म्हणून बोलावून घेतले. गावाच्या नावाचा अर्थच सुसंवादाचे ठिकाण असा. जानेवारी १९०३ मध्ये तेथील सामाईक इमारतीला आग लागून अकरा जण मेले, त्यांत बहुतेक मुले होती. कर्ज वाढत गेले, पूल बांधण्याचे एक कंत्राट फारच कमी रकमेत घेतल्यामुळे महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, विवाहसंस्थेविषयी कुरिक्काच्या मतांवरून तट पडले, तो आपले अनुयायी घेऊन निघून गेला आणि १९०५ साली वसाहत चालवणारी कंपनी मोडली. मी हे सगळे तत्त्वांच्या संघर्षाची कथा म्हणून रंगवून सांगितले. शेवटी वीज सांभाळणाऱ्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, की कंत्राटाची रक्कम ठरवण्यापूर्वी खर्चाचा हिशेब कोणी तपासला होता. मला उत्तर देता आले नाही.

माझ्याबरोबर उमेदवारी करणाऱ्या तरुणीने दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन दा कुन्या हे बेट निवडले. तेथे १८१७ साली विल्यम ग्लास आणि त्याच्या सोबत्यांनी लेखी करार केला होता, की सामान आणि नफा यांत सर्वांचा वाटा समान राहील आणि कोणी कोणापेक्षा वरचढ असणार नाही. १९६१ साली ज्वालामुखीमुळे सगळे बेट रिकामे करावे लागले, आणि पुढे इंग्लंडमध्ये मतदान झाले तेव्हा १४८ विरुद्ध ५ मतांनी लोकांनी परत जाण्याचे ठरवले. तिची कथा सर्वांना माझ्यापेक्षा अधिक आवडली, आणि ते योग्यच होते.

वीज सांभाळणारे हे गृहस्थ साठी ओलांडलेले होते. तेथे बोलल्या जाणाऱ्या भाषेत तू आणि तुम्ही असा भेद नाही, आणि ही समता वसाहतीला शोभणारीच आहे. मी मात्र मनातल्या मनात त्यांना शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणत राहिलो. बेटावरची वीज सौरपट्ट्या आणि एका लहान पवनचक्कीवर चालते आणि शिशाच्या बॅटऱ्यांत साठवली जाते. दररोज सकाळी शेडमध्ये जाऊन काचेच्या नळीने बॅटरीतले आम्ल वर ओढायचे आणि आम्लाची घनता दाखवणारा आतला तरंगता काटा वाचायचा. १.२६५ म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आणि १.१९० म्हणजे निम्मी. निम्म्याच्या खाली वारंवार गेले तर बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून त्या आकड्याच्या खाली कपडे धुण्याचे यंत्र आणि पिठाची चक्की बंद ठेवायची असा नियम आहे.

दहाव्या महिन्यात ही पाळी माझ्याकडे होती. वादळामुळे एकोणीस दिवस होडी गेली-आली नव्हती आणि डिझेल जपून वापरायचे ठरले होते. त्या सकाळी बाहेर अंधार होता, पाऊस आडवा येत होता. मी शेडमध्ये गेलो नाही. आदल्या दिवशीच्या १.२२० या आकड्यातून थोडे वजा करून मी वहीत १.२१५ लिहिले आणि चहा घेतला. वहीवर विसंबून दिवसभर यंत्र आणि चक्की दोन्ही चालली. रात्री नऊच्या सुमारास सगळीकडचे दिवे एकदम गेले आणि औषधांचा फ्रीज बंद पडला. एका सभासदाच्या इन्सुलिनच्या कुप्या थंड पाण्याच्या भांड्यात ठेवून, राखून ठेवलेले डिझेल जनित्रात ओतून ती रात्र काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी वीज सांभाळणारे ते गृहस्थ वही घेऊन माझ्याकडे आले. “ही नोंद तू पाहून केलीस का?” असे त्यांनी विचारले आणि मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. भर वस्तीत असतो तर मी त्यानंतर त्यांना टाळले असते, आठवडाभरात प्रसंग शिळा झाला असता. तेथे त्यांच्याशेजारी बसून दुपारचे जेवण जेवावे लागले, नंतर भांडी घासायची पाळी आम्हा दोघांचीच होती, आणि होडी यायला किमान पाच दिवस होते. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन खरे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मान डोलावली. मला वाटले, विषय संपला.

अंतिम बैठक चौदाव्या महिन्यात झाली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभांप्रमाणे तेथेही मतदान होत नाही. प्रत्येकाने संमती द्यायची, किंवा पटत नसले तरी निर्णय अडवायचा नसेल तर बाजूला उभे राहायचे, किंवा ठराव अडवायचा. अडवणाऱ्याने मात्र वसाहतीच्या मूळ तत्त्वाला कोठे बाध येतो हे सांगावे लागते, केवळ नावड पुरत नाही. एकवीस जणांनी संमती दिली. वीज सांभाळणाऱ्या गृहस्थांनी ठराव अडवला. चूक सर्वांकडून होते, परंतु येथे शिपाई नाही, मालक नाही, तपासनीस नाही, प्रत्येक जण दुसऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवून यंत्र चालू करतो, आणि या माणसाने वहीत खोटे लिहिले, मग विचारल्यावर पुन्हा खोटे सांगितले, असे त्यांनी शांतपणे मांडले. मला त्याचा राग आला. एकाच माणसाने एकवीस जणांना थोपवावे, ही पद्धत त्या क्षणी मला शुद्ध जुलूम वाटली, आणि तिच्यात तो धोका असतो असे माझे मत आजही आहे. पण ते म्हणाले त्यात चुकीचे काय होते, हे मला कोणालाच दाखवून देता आले नसते.

अडवणाऱ्यानेच पुढचा मार्ग सुचवायचा असा तेथे दंडक आहे. त्यांनी सुचवले, की बॅटरीची वही तीन महिने माझ्याकडे द्यावी आणि त्यांनी रोज सोबत यावे. नव्वद सकाळी आम्ही त्या शेडमध्ये गेलो. सुरुवातीला ते माझ्यामागून काटा स्वतः वाचत. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा फसवा येतो, काटा काचेला चिकटला तर नळीवर नखाने हलकेच टिचकी मारायची, हे त्यांनीच शिकवले. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ते दाराशीच थांबू लागले आणि मी आतून आकडा ओरडून सांगू लागलो.

दुसऱ्या बैठकीत एकवीस जणांनी संमती दिली आणि वीज सांभाळणारे गृहस्थ बाजूला उभे राहिले. करारपत्र चौदा पानांचे आहे, त्यांतली पाच पाने वसाहत सोडून जाताना कोणाला काय मिळेल याविषयीच आहेत, आणि सोइन्टुलाची कथा सांगून झाल्यावर मला ती पाच पाने सर्वांत शहाणी वाटतात. सहीला दोन साक्षीदार लागतात. दुसरी सही त्यांनी केली आणि तारखेच्या जागी सवयीने त्या सकाळचा आकडा, १.२४५, लिहिला, माझ्या प्रतीत तो खोडून खाली तारीख घातलेली आहे.