चेसने काढलेली नोट आणि चेसनेच दिलेला निकाल

सॅल्मन चेसबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा हा वकील १८६१ ला राष्ट्राध्यक्ष लिंकनचा अर्थमंत्री झाला, तिथल्या यादवी युद्धासाठी कागदी नोटा काढल्या, आणि पुढे सरन्यायाधीश झाल्यावर त्याच नोटांच्या कायद्याविरुद्ध निकाल दिला. लोक त्याला दुटप्पी म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

मुळात तो हाडाचा वकील. सिनसिनाटीत नदीच्या अलीकडे गुलामगिरीला बंदी आणि पलीकडे केंटकीत माणसं विकली जायची, त्यामुळे पळून आलेल्यांच्या केसेस तो लढायचा. १८३७ ला मटिल्डा नावाच्या तरुणीची केस हरला, तिला परत पाठवलं. तरी त्याने असल्या केसेस घेणं सोडलं नाही.

मग युद्ध. १८६१ च्या अखेरीस बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं, सैन्याचे पगार थकले. कागदी पैसा चेसला मनापासून नकोच होता, पण दुसरा मार्ग दिसेना म्हणून त्याने हो म्हटलं आणि २५ फेब्रुवारी १८६२ ला कायदा झाला, १५ कोटी डॉलरच्या नोटा, ज्या देण्यापोटी कुणाला नाकारता येणार नव्हत्या, मागची बाजू हिरवी, १ डॉलरवर स्वतः चेसचा चेहरा. शिवाय जे कुक नावाच्या बँकरला हाताशी धरून साध्यासुध्या लोकांना सरकारी बाँड विकले, १८६३ ला नॅशनल बँकांचा कायदा आणला, इन्कम टॅक्स वसूल करायला नवं खातं उभं केलं. मी स्वतः टॅक्सचं काम करतो, त्यामुळे एवढा पसारा भर युद्धात शून्यातून उभा करायचा म्हणजे काय याची मला थोडीफार कल्पना आहे.

आमच्या घरी आजोबांनी जपलेला बडोदा संस्थानचा एक रुपया आहे, सयाजीराव महाराजांचा चेहरा आणि नागरी अक्षरं. हातात घेतला की वजन कळतं, ती चांदीच आहे. चेसच्या नोटेत तसं काही नव्हतं, फक्त सरकारचा शब्द.

आता ती केस बघा. हेपबर्न बाईंनी १८६० मध्ये ग्रिसवोल्डला ११,२५० डॉलर द्यायचं लिहून दिलं, मुदत २० फेब्रुवारी १८६२, म्हणजे कायदा व्हायच्या बरोबर पाच दिवस आधी! १८६४ ला त्या हिरव्या नोटा घेऊन आल्या, ज्या तोवर सोन्याच्या मानाने बऱ्याच घसरल्या होत्या. ग्रिसवोल्डने त्या निमूट घ्यायच्या का? १८७० ला चेसने निकाल दिला, की जुन्या करारावर असं लादता येत नाही, आणि युद्धाच्या धामधुमीत घटनेच्या मर्यादांचा शांतपणे विचार झाला नाही हेही त्यात मान्य केलं. स्वतःच्या सहीच्या कारभाराबद्दल एवढं उघड लिहायला छाती लागते. पुढच्याच वर्षी नव्या न्यायाधीशांमुळे ५ विरुद्ध ४ ने हा निकाल फिरला, पण चेस आपल्या मतावरून हलला नाही.

बडोद्याच्या माणसाला इथे बाबासाहेब आठवणारच. गायकवाड सरकारच्या स्कॉलरशिपवर १९१३ ला न्यूयॉर्कला जाऊन अर्थशास्त्र शिकले, १९१७ ला इथे नोकरीवर रुजू झाले तर या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही, ही आपली लाज. तेच पुढे बॅरिस्टर झाले, आणि चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये असं त्यांनीही ठामपणे मांडलं.

चेसचा फोटो नंतर १०,००० डॉलरच्या नोटेवर आला, लोकांना तेवढंच आठवतं. मला जास्त मोठी वाटते ती १८६५ ची गोष्ट: काळ्या माणसाला नागरिकच न मानणारा निकाल ज्या सुप्रीम कोर्टाने १८५७ ला दिला होता, तिथेच सरन्यायाधीश चेसने जॉन रॉक या काळ्या वकिलाला वकिलीची परवानगी दिली.