वीस लिटरच्या बादलीतला टोमॅटो

लागवडीला आठ आठवडे झाले होते. सकाळी दिवा लागला आणि मी बघते तर टोमॅटोचं अख्खं रोप खाली मान घालून उभं. पानं लोंबकळत होती आणि शेंडा वाकला होता. खाली बादलीत काठोकाठ पाणी, आणि वर रोप तहानेनं कोमेजलेलं. हात लावला तर पानं मऊ पडली होती, ओल्या फडक्यासारखी. मला भरूनच आलं. दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ मी त्या रोपाजवळ बसत होते.

घरात पुरेसं ऊन येत नाही म्हणून मी मातीशिवायच्या शेतीकडे वळले. एक झाकणाची वीस लिटरची बादली, झाकणाला भोक पाडून बसवलेली जाळीची कुंडी, तिच्यात भाजलेल्या मातीच्या गोळ्या, पाण्यात बुडबुडे सोडणारा हवेचा दगड, बाहेर माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप, आणि वर एलईडी दिवा. मुळं पोषक द्रावणात लोंबत राहतात आणि पंप त्यांना श्वास घ्यायला हवा देतो. रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या, चौकोनात पेरलेलं बी सातव्या दिवशी उगवलं. दिवा टायमरवर सोळा तास ठेवला. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ असं मानून काही जण तो चोवीस तास चालू ठेवतात, पण टोमॅटोला अंधार लागतोच. सततच्या उजेडात त्याची पानं पिवळी पडतात.

पहिले तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. एकदाच गडबड झाली. खताच्या दोन बाटल्या असतात, अ आणि ब. वेळ वाचवायला मी दोन्ही एकाच पेल्यात ओतल्या. डोळ्यांदेखत ते ताकासारखं पांढरं झालं आणि तळाशी साका बसला. एका बाटलीतलं कॅल्शियम आणि दुसरीतले सल्फेट व फॉस्फेट घट्ट अवस्थेत एकत्र आले की त्यांचे न विरघळणारे क्षार होतात. मग ते रोपाच्या काही उपयोगाचे राहत नाहीत. म्हणून आधी बादलीत पाणी, मग अ, चांगलं ढवळायचं, आणि त्यानंतर ब. तो पेला मी टाकून दिला.

चौथ्या आठवड्यात खरा त्रास सुरू झाला. शेंड्याची कोवळी पानं पिवळी येऊ लागली. शिरा हिरव्यागार, मधला भाग लिंबासारखा पिवळा, जणू हिरव्या रेघांची नक्षी काढली आहे. मला वाटलं, रोप उपाशी आहे. मी खत वाढवलं. चार दिवसांनी खालच्या जुन्या पानांची टोकं करपली आणि कडा कुरकुरीत झाल्या. मग मॅग्नेशियम कमी असेल म्हणून एप्सम मीठ घातलं. शेंडा आणखी पिवळा पडला.

माझी एक मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला फोटो पाठवले तर तिनं एवढंच विचारलं, "पिवळी पानं वरची की खालची?"

"वरची," मी म्हणाले.

"मग मॅग्नेशियम नाही गं. मॅग्नेशियम कमी पडलं तर रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं हलवता येत नाही. तुझ्या रोपाला लोह मिळत नाहीये. आधी सामू बघ."

सामू, म्हणजे पीएच, मी रोज बघत होते. मीटर ५.९ दाखवत होता आणि ५.५ ते ६.५ मध्ये असलं की ठीक, हे मला पाठ होतं. पण तो मीटर आणल्यापासून मी एकदाही तपासून घेतला नव्हता. शिवाय वापर झाला की त्याचं टोक पुसून कोरडं ठेवत होते. पीएच मीटरचं काचेचं टोक कायम साठवणीच्या द्रावणात भिजलेलं लागतं, कोरडं पडलं की तो वाट्टेल ते आकडे सांगतो. मी ७ आणि ४ ची प्रमाण द्रावणं आणून त्याला ताळ्यावर आणलं आणि पुन्हा बादलीत बुडवला. आकडा आला ७.२. एवढ्या सामूत लोह द्रावणात असूनही मुळांना घेता येत नाही. बादलीत लोह भरपूर होतं, दार तेवढं बंद होतं.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट उलगडली. बाटलीवरच्या तक्त्यात या वयाच्या रोपाला १४०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग क्षार, लिहिलं होतं, आणि मी माझ्या क्षार मोजायच्या मीटरवर १४०० येईपर्यंत खत घालत होते. पीपीएमची मोजपट्टी एकच नसते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काही मीटर ईसीला, म्हणजे क्षारांमुळे द्रावणातून वीज किती वाहते त्या मापाला, ७०० नं गुणतात, काही ५०० नं. तक्ता ७०० वाला होता, म्हणजे त्याला ईसी २.० अपेक्षित होता. माझा मीटर ५०० वाला, म्हणजे मी २.८ पर्यंत पोचले होते, आणि त्यावर एप्सम मीठ! बादलीतलं पाणी कमी होत होतं आणि ईसी मात्र चढत होता. रोप पाणी पीत होतं आणि क्षार मागे टाकत होतं, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. त्या दिवसापासून मी पीपीएम बघणंच सोडलं. वहीत फक्त ईसी लिहिते, त्यात गोंधळाला जागा नाही.

द्रावण बदललं, ईसी १.६ वर ठेवला आणि फॉस्फोरिक आम्लाचं पातळ द्रावण थेंबाथेंबानं घालत सामू ५.८ वर आणला. दुसऱ्या दिवशी तो ६.६. माझं पाणी जड आहे, त्यातले बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतात, आणि रोप नायट्रेट घेतं तेव्हाही सामू वर सरकतो. सुरुवातीला मी व्हिनेगर वापरून पाहिलं होतं, पण पाण्यातले जिवाणू ते खाऊन टाकतात आणि सामू परत जागेवर येतो. पाच-सहा दिवसांनी नवं पान हिरवं निघालं. जुनी पिवळी पानं मात्र पूर्ववत झाली नाहीत. नवा शेंडा कसा येतोय तेवढंच बघायचं असतं.

मातीविना शेतीला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ झालं १९३७ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांच्यामुळे. त्यांनी द्रावणावर टोमॅटोच्या पंचवीस फुटी वेली वाढवल्या होत्या. त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेलं द्रावणाचं सूत्र आजही अभ्यासक वापरतात. ते वाचून मला हुरूप आला होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ती मान टाकलेली सकाळ उगवली.

यावेळी मैत्रिणीनं एकच प्रश्न केला. "मुळं बघितलीस का?"

आठ आठवड्यांत मी झाकण पुरतं उचललंच नव्हतं. एका कडेनं फट करून मीटर बुडवायचा, पाणी ओतायचं, झालं. मुळांना धक्का लागेल याची भीती होती. आता दोन्ही हातांनी झाकण वर उचललं तर पांढरी दाढी असायला हवी तिथे तपकिरी, बुळबुळीत जुडगा. साचलेल्या डबक्याचा वास. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि मागे दोऱ्याएवढा बारीक तंतू उरला. मूळकुजीची ही पक्की खूण. नुसत्या रंगावरून ठरवू नये, काही खतांनीही मुळं तपकिरी होतात. पण चांगलं मूळ हाताला घट्ट लागतं आणि त्याला वास येत नाही.

कारण शोधायला तासभर लागला. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, मी बादलीला टेकवून ठेवला होता. तो दिवसभर तापायचा आणि बादली शेकत राहायची. पाण्याचं तापमान निघालं २९ अंश. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. आणि पाणी तापलं की मुळांची भूक उलट वाढते. त्यात हवेच्या दगडावर क्षारांचा थर बसून बुडबुडे एकाच कोपऱ्यातून येत होते. पंपाचा आवाज रोज येत होता, म्हणून माझी समजूत की हवा जातेय. मुळं गुदमरली की मुळं कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या पिथियम या जीवाला मोकळं रान मिळतं, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. म्हणून ते भरल्या बादलीवर कोमेजलं.

मुळं साध्या पाण्याखाली हळुवार धुतली आणि स्वच्छ कात्रीनं कुजलेला भाग कापला. जवळजवळ निम्मी मुळं गेली. बादली पातळ ब्लीचनं घासून बरेच वेळा विसळली. दगड नवा घेतला. मुळं निम्मी तर वरचा भारही कमी हवा, म्हणून खालची पानं आणि बगलफुटी काढल्या, दिवा वर सरकवला. फुलं आली होती तीही खुडली, आणि हे काम मला सगळ्यांत जड गेलं. नवं द्रावण फिकं, ईसी १.० चं, आणि कुंडीच्या तळापासून दोन इंच खाली, म्हणजे वरच्या मुळांना थेट हवा मिळेल. ड्रायव्हर भिंतीवर टांगला, बादलीला चकचकीत आवरण घातलं, सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याची बाटली आत सोडली. तापमान २१-२२ वर स्थिरावलं.

आठ दिवस काहीच घडलं नाही. नवव्या दिवशी कापलेल्या मुळांच्या वर, देठाशी, पांढरे टोकदार कोंब दिसले, तांदळाच्या कणीएवढे. मी झाकण हातात धरून कितीतरी वेळ उभी होते.

पुढचं बरंच सोपं होतं. फुलं पुन्हा आली. बाहेर भुंगे फूल थरथरवतात तेव्हा टोमॅटोचे पराग सुटतात. घरात मी विजेच्या टूथब्रशची पाठ फुलांच्या देठाला लावत होते, दुपारी, दोन-दोन सेकंद. फळं धरली. त्यातल्या तिघांच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडला. बादलीत कॅल्शियम होतं, पण ते पाण्याच्या ओढीबरोबर चढतं, आणि पानं बाष्प सोडतात तेवढं फळं सोडत नाहीत, म्हणून फळाच्या टोकाला ते शेवटी पोचतं. ईसी मी २.६ पर्यंत नेला होता, तो २.० वर आणला आणि हवा खेळती राहायला छोटा पंखा लावला. डाग पडलेली फळं सुधारत नाहीत, ती काढून टाकली. पुढच्या घोसात एकही डाग नव्हता.

एकशे पंचविसाव्या दिवशी पहिलं फळ पिकलं. त्यानंतर झाडानं दोन महिने फळं दिली. बहर संपल्यावर ते बाहेर काढलं आणि मुळांचा तो अख्खा झुबका पाटावर पसरला. सगळीकडे दाट, पांढरट जाळं. अगदी मधोमध, देठालगत, चार बोटं लांबीची तपकिरी खुंटं तशीच होती, कात्री जिथे लागली होती तिथे सरळ कापलेली.