अकरा मीटरचा सोफा, आठ मीटर कापड

हिंगणघाटच्या पुढं आमचं गाव, बसस्टँडसमोर दहा बाय चौदाचं दुकान. बोर्डावर कुशन वर्क्स लिहिलंय पण सोफ्याचं काम वर्षातून चार महिने, बाकी वेळ ट्रॅक्टरच्या सीटा, मोटरसायकलच्या सीटा, ऑटोची हूड, नाहीतर एखाद्या दवाखान्यातला तपासायचा टेबल फाटला तर तो. त्याचं रेक्झिन हिंगणघाटलाच भेटते. सोफ्याचं कापड मात्र बाबांच्या काळापासून नागपूरच्या गांधीबागेतल्या एकाच होलसेलवाल्याकडून. बाबा त्यांना शेठ म्हणायचे, मी काका म्हणतो.

एकाच दुकानाला चिकटून काहून राह्यलो ते सांगतो. सोफ्याच्या कापडाचा पन्ना 54 इंची, थ्री सीटर अन् दोन सिंगल करायचे तर साधारण अकरा मीटर लागते, डिझाइन मोठी असली तर अजून जास्त कारण फुलं जुळवावी लागतात. अन् कटिंगमध्ये अर्धा मीटर चुकलं तर? कटलॉगवर शेड नंबर तोच असतो पण लॉट बदलला की रंगात उन्नीस-बीस होतेच, शिवल्यावर तर आंधळ्यालाही दिसेल. तेव्हा असा माणूस लागतो जो फोनवर म्हणेल, थांब, त्याच थानाचा तुकडा बाजूला ठेवला आहे, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं टाकतो. काकांनी हे वीस वर्षं केलं. अर्ध्या मीटरसाठीसुद्धा.

तर मागच्या लग्नसराईत गावातल्या एका घरी पोरीचं लग्न होतं, जुना सागवानी सोफा पूर्ण नवा करायचा होता, मरून वेलवेट. अकरा मीटर सांगितलं, आले आठ. फोन केला तर काका म्हणे उद्या येते. उद्याचे आठ दिवस झाले. अन् वेलवेटमध्ये जुगाडही चालत नाही, रोआ, म्हणजे कापडावरची लव, एकाच दिशेनं ठेवावा लागतो, कापड आडवं फिरवून लावलं की एक सीट काळी अन् एक लाल दिसते. मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या अन् सकाळची गाडी धरून नागपूरला गेलो.

दुकानात गेलो अन् शिव्या तोंडातच राह्यल्या. ज्या रॅकमध्ये छतापर्यंत थानं उभी असायची तिथं निम्म्या फळ्या रिकाम्या. तीन पोरं कामाला होती, एकही नाही, काका स्वतः मीटरपट्टी घेऊन कापून राह्यले होते. चहा मागवला अन् मग हळूहळू बोलले. माल सुरतचा, पॉलिस्टर. (आमच्या घराघरात कापूस पडून आहे अन् आमच्याच सोफ्यावर त्याचा एक धागा नाही, ही वेगळीच गंमत.) पूर्वी सुरतवाला पैशासाठी तीन-चार महिने थांबायचा. आता इन्कम टॅक्सचा तो 45 दिवसवाला नियम, 2024 पासून चालू झाला तो. उद्यम नोंदणीवाल्या छोट्या कारखानदाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांतच द्यायचे, थकवले तर ज्या वर्षी देशील त्याच वर्षी खर्च धरता येतो, म्हणजे या वर्षी टॅक्स फुकटचा वाढला. नियम छोट्यांच्या भल्यासाठीच आहे, त्यात वाईट काही नाही. पण काका पडले ट्रेडर, त्यांना हे संरक्षणच नाही. वरच्याला 45 दिवसांत द्या अन् खालच्याकडून येईल तेव्हा घ्या.

अन् खालचा म्हणजे कोण, मीच न बाप्पा!

माझं गिऱ्हाईक शेतकरी. तो म्हणतो कापूस विकला की देतो. 2022 मध्ये कापसाला क्विंटलला 10,000 च्या वर भाव पाह्यला तेव्हापासून लोक कापूस घरात भरून वाट पाहतात, पुढच्या वर्षी भाव उतरले तरी पाहतच राह्यले, घरभर कापूस अन् अंगाला खाज. तोवर माझी मजुरी अडकली, माझी अडकली म्हणून काकांची अडकली. त्यात लोक मोबाइलवरून ते इलॅस्टिकवाले रेडिमेड कव्हर मागवतात, एका धुण्यात ढिले होतात पण स्वस्त पडतात, नाहीतर हप्त्यावर नवा सोफाच आणतात, ज्याची फ्रेम मी उघडून पाह्यली आहे म्हणून बोलत नाही.

काकांनी वही काढली नाही. मीच विचारलं, माझे किती आहेत जी? "पाहू न, घाई काय आहे." मी जिद्द केली तेव्हा पान उघडलं, 23,400. सगळ्यात जुनी एन्ट्री चौदा महिन्यांची. ज्या माणसाला मी गाडीभर शिव्या देत आलो त्याचं सुरतवाल्याचं देणं माझ्याचमुळं थोडं तरी अडकून होतं. खिशात दहा हजार होते, सोफ्याच्या अ‍ॅडव्हान्सचे, ते दिले. आनंदानं दिले असं खोटं काहून बोलू, परत येताना पोट दुखत होतं.

सोफ्याचं मग असं केलं, समोरून अन् सीटला आठ मीटर पुरवलं अन् तिन्ही पाठी मागून कॉफी रंगाच्या रेक्झिननं झाकल्या. पाठीलाच तीन-सव्वातीन मीटर जाते, हिशोब बरोबर बसला. लग्नघरच्या काकूंनी लगेच सोफा फिरवून पाह्यला. "मागून काहून वेगळं?" म्हटलं काकू, भिंतीचा चुना लागत नाही, ओल्या फडक्यानं पुसता येते. त्या म्हणाल्या, "मग तीनशे कमी कर."

केले.

लग्न होऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला, पार्सल आहे म्हणून. तीन मीटर मरून वेलवेट. उरलेल्या चिंधीला लावून उन्हात धरलं तर लॉट वेगळा, नवं जरा काळपट. आत बिल नव्हतं. मी फोन करून पोचलं एवढंच सांगितलं, ते हो म्हणाले अन् बाबांची तब्येत विचारली.

तीन मीटर अजून फळीवर आहे.